घोड्याची वैरण : सावकाश चारण्याची व नासाडी टाळण्याची रीत

बैल व दुभती जनावरे ह्यांच्या चाऱ्यापाण्याविषयी शेतकऱ्यांच्या मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते. घोड्याच्या वाट्यास मात्र क्वचितच एखादे पान येते. ह्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे घोडा नांगरास किंवा मोटेस जुंपण्याची चाल कधीच नव्हती. तथापि घोडा गावातून अगदीच नाहीसा झाला आहे असेही नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धावते. धनगर बांधव आपला सारा संसार तट्टांच्या पाठीवर घालून मेंढरांमागे फिरतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या यात्रेत व नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि तेथून हौसेने किंवा धंद्यासाठी घोडे विकत नेणाऱ्यांत जमीनदार शेतकऱ्यांची संख्या थोडी नसते. अशा सर्व बंधूंस उपयोगी पडेल ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

घोड्यास वैरण किती घालावी हे बहुतेकांस ठाऊक असते. ती त्यास किती वेळ पुरावी हा प्रश्न मात्र फारच थोडे लोक मनात आणतात. मीही तो कधी मनात आणला नव्हता. तो मला ज्या रात्री शिकावा लागला, तिची हकीकत प्रथम सांगतो.

२०१९ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला आणि वैरणीचे भाव असे चढलेले की, कडब्याची पेंढी दावणीत टाकताना हात आखडावा. बैलांचे पोट मारणे शक्य नव्हते. म्हणून मी घोडीच्या वैरणीस कात्री लावली, आणि ती अशक्त होऊ नये एवढ्यासाठी हरभऱ्याची चंदी वाढविली. माझ्या मते मी काटकसरही साधली होती व घोडीचे पोषणही राखले होते. दिवेलागणीस घातलेली वैरण ती घाईघाईने फस्त करी आणि मग गव्हाणीची लाकडी कड कुरतडीत उभी राही. ही तिची खोड आहे, असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले. अशा रीतीने महिना गेला असेल नसेल, तो एका रात्री ती पोटाकडे वळून वळून पाहू लागली, पाय आपटू लागली, आणि घामाने डबडबून जमिनीवर लोळू लागली. पशुवैद्य आले. त्यांनी नळी घातली, औषध दिले आणि पहाटेपर्यंत ठाणावर बसून राहिले. उजाडण्याच्या सुमारास घोडीने लीद टाकली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

जाताना पशुवैद्यांनी मला एकच प्रश्न केला. "आबा, घोडीची रात्रीची वैरण संपते किती वाजता?"

"दिवेलागणीस घालतो," मी म्हणालो.

"घालता केव्हा ते नव्हे. संपते केव्हा?"

ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. मी ते कधी पाहिलेच नव्हते. वाचकांपैकी ज्यांच्या दारात घोडा आहे, त्यांनीही हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. मजप्रमाणेच पुष्कळांस त्याचे उत्तर देता येणार नाही, असे मला वाटते.

बैलाचे पोट व घोड्याचे पोट

आपली सारी समज बैलावरून बनलेली असते, आणि चुकीचे मूळ तेथेच आहे. बैल वैरण भराभर गिळतो व मग सावलीस बसून स्वस्थपणे रवंथ करितो. त्याने घाईने खाल्ले तरी चर्वणाचे काम मागाहून पुरे होते. घोड्यास रवंथ नाही. जे काय चावावयाचे ते त्याने पहिल्याच वेळी चावले पाहिजे. एकदा घशाखाली गेलेला घास पुन्हा तोंडात येत नाही. इतकेच नव्हे, तर घोड्यास ओकताही येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका बळकट असतो की, आत गेलेले अन्न उलट मार्गाने बाहेर पडू शकत नाही.

दुसरे असे की, एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने घोड्याचे जठर अगदी लहान आहे. त्यात सुमारे ८ ते १५ लिटर एवढेच मावते. गवतासारख्या तंतुमय पदार्थाचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात होते. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू तो चारा आंबवून घोड्यास शक्ती मिळवून देतात. ही सारी योजना थोडे थोडे व सतत खाणाऱ्या प्राण्यासाठी आहे. मोकळ्या कुरणात सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून १४ ते १६ तास चरत असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घोड्याच्या जठरात अम्ल अहोरात्र पाझरत असते, मग पोटात अन्न असो वा नसो. ह्या अम्लाचा जोर मोडण्याचे काम लाळ करिते. परंतु घोड्यास लाळ सुटते ती केवळ चावत असताना. पोटभर वैरण चावणाऱ्या घोड्यास दिवसास सुमारे ३५ ते ४० लिटर लाळ सुटते. चावणे थांबले की लाळ थांबली, आणि अम्ल मात्र चालूच राहिले. मग ते जठराच्या वरच्या भागाचे नाजूक अस्तर जाळू लागते व तेथे व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांत, ज्यांस चंदी पुष्कळ व वैरण थोडी मिळते, असे व्रण बहुसंख्य जनावरांत आढळून आले आहेत.

ह्यावरून हे ध्यानात येईल की, घोड्याच्या बाबतीत वैरण ही केवळ पोषणाची वस्तू नसून ती जठराचे संरक्षणही करिते. म्हणूनच चार-पाच तासांहून अधिक वेळ त्याचे तोंड रिकामे राहू नये, असा आजच्या जाणत्या पशुवैद्यांचा सल्ला आहे.

वेळेचा हिशेब

एक किलो लांब गवत चावून खाण्यास घोड्यास सुमारे ४० मिनिटे लागतात व तो सुमारे ३,००० ते ३,५०० वेळा जबडा हलवितो. तोच एक किलो ओट खाण्यास त्यास सुमारे १० मिनिटे पुरतात, आणि चावणे हजाराच्या आतच आटोपते. म्हणजे वजनाच्या मानाने वैरणीऐवजी दाणा दिला की चावण्याचा वेळ एकदम चौथाईवर येतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मी नेमकी हीच चूक केली होती.

घोड्यास त्याच्या वजनाच्या शेकडा दीड ते दोन इतकी कोरडी वैरण रोज मिळाली पाहिजे, आणि शेकडा दीडच्या खाली तर ती कधीच जाऊ नये. ४०० किलो वजनाच्या घोड्यास शेकडा दोन ह्या मानाने ८ किलो वैरण होते. ती मोकळी पुढ्यात टाकल्यास तो साधारण साडेपाच तासांत संपवितो. उरलेल्या साडेअठरा तासांचे काय? चारावयास नेले नाही तर हा सर्व वेळ घोडा रिकाम्या तोंडाने व रिकाम्या मनाने ठाणावर उभा असतो.

अशा रिकामपणातूनच लाकूड कुरतडणे, कडेला दात टेकून वारा गिळणे, जागच्या जागी डुलत राहणे, अंथरलेला पेंढा व लीददेखील खाणे अशा खोडी उत्पन्न होतात. ब्रिटनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या घोड्यांस दिवसास ६.८ किलोहून कमी वैरण मिळत होती, त्यांच्यात असे विकार अधिक आढळले. वारा गिळणाऱ्या घोड्याच्या पुढील दातांची कड झिजलेली असते. बाजारातील जाणता गिऱ्हाईक ओठ वर करून प्रथम तीच पाहतो, आणि खोड दिसली की किंमत उतरते. मार देऊन किंवा गळ्यास पट्टा आवळून ती जात नाही. तिचे मूळ पोटात व रिकाम्या वेळात आहे.

मग वैरण वाढवीत जावे काय? तसेही नाही. वाढविलेली वैरण घोडा चरबीत साठवितो, आणि टंचाईच्या वर्षी ती आणावयाची कोठून? उपाय असा पाहिजे की, वैरण तेवढीच राहावी, परंतु ती खाण्यास लागणारा वेळ वाढावा. आणि जी पायाखाली जाते तीही वाचावी. बारीक भोकांच्या जाळ्याने ही दोन्ही कामे साधतात.

जाळ्याने काय साधते

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने ह्या विषयावर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रौढ घोड्यांस त्यांच्या वजनाच्या शेकडा एक इतके गवत एका वेळेस देण्यात आले. काहींस जमिनीवर मोकळे, काहींस ६ इंची भोकांच्या जाळ्यात, काहींस पावणेदोन इंची व काहींस सव्वा इंची भोकांच्या जाळ्यात. मोकळे गवत तीन तासांहून थोड्या अधिक वेळात संपले. ६ इंची जाळ्याने फारसा फरक पडला नाही. पावणेदोन इंची जाळ्यास सुमारे ५ तास लागले, आणि सव्वा इंची जाळ्यास सुमारे साडेसहा तास. तासाच्या हिशेबाने पाहता मोकळे गवत सुमारे दीड किलो, पावणेदोन इंची जाळ्यातून १.१ किलो व सव्वा इंची जाळ्यातून ०.९ किलो ह्याप्रमाणे खाल्ले गेले.

ह्यातील बोध स्पष्ट आहे. सर्व गुण भोकाच्या मापात आहे. भुसा किंवा कडबा वाहण्याची मोठ्या भोकांची जाळी आपल्या घरी असतात. तीच टांगून "जाळ्याचा काही उपयोग होत नाही" असे कोणी म्हणेल, तर त्याचे म्हणणे त्या जाळ्यापुरते खरेच आहे.

आता नासाडीकडे वळू. त्याच विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या प्रयोगात बाहेर मोकळ्या जागी जमिनीवर टाकलेल्या गवतापैकी शेकडा १३ वाया गेले. निरनिराळ्या प्रकारच्या गव्हाणींतून दिले असता नासाडी शेकडा १ ते ५ एवढीच झाली. मोठे गोल गठ्ठे नुसतेच मैदानात ठेवले असता, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, निम्म्याहून अधिक म्हणजे शेकडा ५७ गवत तुडवून व लिदीने खराब होऊन फुकट गेले; जाळे पांघरलेल्या गठ्ठ्यात मात्र शेकडा ६ च गेले. गंजीतून सरसकट वैरण ओढू देणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

आपल्या ८ किलोंच्या हिशेबात शेकडा १३ म्हणजे रोज एक किलोहून किंचित अधिक, अर्थात वर्षास सुमारे पावणेचार क्विंटल वैरण होते. एवढी वैरण एका घोड्यास दीड महिना पुरते. ती आज उकिरड्यावर जात आहे, आणि तिच्याबरोबर तिच्या कापणीची व वाहतुकीची मजुरीही जात आहे.

जाळे कसे असावे

ज्या घरात सुतळीची शिंकी व बैलांची मुसकी विणणारा माणूस आहे, त्या घरी हे जाळे सहज होते. भोके सारखी पडावीत म्हणून विणताना योग्य मापाची लाकडी पट्टी हाताशी धरावी. दोरी जाड व मऊ असावी. करंगळीच्या निम्म्या जाडीची सुताची किंवा चांगल्या वळाची दोरी चालते. मासे धरण्याचे बारीक नायलॉनचे जाळे स्वस्त पडते खरे, परंतु त्याचा धागा हिरड्या व ओठ कापतो. ते वापरू नये. लोखंडी तारेच्या जाळीवर दात घासून झिजतात, म्हणून तीही वर्ज्य समजावी. तोंडाशी ओवलेली दोरी अशी असावी की, ती ओढली असता तोंड पक्के आवळले जावे; नाहीतर घोडा वरूनच तोंड घालून खाऊ लागतो आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो.

वैरण भरण्यापूर्वी झटकून, धूळ व खडे काढून, काट्यावर तोलून भरावी. डोळ्यांनी केलेला अंदाज हमखास फसतो. बुरशी आलेली वैरण जाळ्यात कधीही घालू नये. मोकळ्या वैरणीतून घोडा वाईट काडी बाजूस सारू शकतो; जाळ्यात त्यास तेवढी निवड करता येत नाही, आणि नाकाशी सतत उडणाऱ्या बुरशीने दम्यासारखा खोकला लागतो.

टांगण्याची रीत

ह्या कामी जो काही धोका आहे तो टांगण्यात आहे. म्हणून ही कलमे लक्षपूर्वक वाचावी.

(१) भरलेले जाळे घोड्याच्या डोळ्याच्या उंचीस येईल असे बांधावे. वैरण संपत जाते तसे ते खाली लोंबते. रिकामे झाल्यावरही घोड्याने पुढचा पाय उचलला असता तो त्यात अडकू नये, इतके ते उंच राहिले पाहिजे. पाय अडकून घाबरलेला घोडा स्वतःचा पाय मोडून घेतो.

(२) जाळे कडीस बांधावे व गाठ अशी द्यावी की, टोक ओढताच सुटावी. अंधारात, गडबडीत, एका हाताने सोडता आली पाहिजे.

(३) फार उंचही बांधू नये. मान वर करून खाल्ल्याने डोळ्यांत व नाकात कचरा पडतो. घोड्याची स्वाभाविक रीत मान खाली घालून खाण्याची आहे. ज्यास शक्य असेल त्याने छातीइतक्या उंचीची, गुळगुळीत कडांची लाकडी पेटी करून तीत वैरण घालावी आणि वरून जाळे ताणून पेटीच्या बाहेरील बाजूस खुंट्यांस बांधावे. ह्यात मान खाली राहते व पाय अडकण्याची भीतीही बरीच कमी होते. नाल मारलेल्या घोड्यापुढे जाळे जमिनीवर मोकळे मात्र कधीही टाकू नये, कारण दोरी नालेत अडकते.

(४) जाळ्याखाली फरसबंदी किंवा गोणपाट असावे. सांडलेला चुरा घोडा मातीसकट चाटून खातो; ती माती व वाळू आतड्यात साचून पोटशूळ उत्पन्न होतो. गोणपाटावर पडलेली पाने गोळा करून चंदीत मिसळता येतात.

(५) दर आठवड्यास जाळे तपासावे. एक दोरी तुटली की भोक दुप्पट होते, व तेवढ्यातून घोडा मुकाट्याने आपले जुने काम साधून घेतो.

सवय कशी लावावी

भुकेल्या घोड्यापुढे पहिल्याच दिवशी सव्वा इंची जाळे टांगणे हा त्याच्यावर जुलूम आहे. तो चिडतो, जाळे ओढतो, आणि काही घोडे तर खाणेच सोडून देतात. पहिले तीन-चार दिवस निम्मी वैरण मोकळी द्यावी व निम्मी मोठ्या भोकांच्या जाळ्यात. पुढील तीन-चार दिवस पावणेदोन इंची जाळे द्यावे व मोकळी वैरण कमी करीत जावी. त्यानंतर, वाटल्यास, सव्वा इंची. बहुतेक घोडे आठ-दहा दिवसांत ओठांनी काड्या निवडून ओढण्याची कला शिकतात.

वेळापत्रक असे बसवावे. ८ किलो वैरणीपैकी सकाळी ६ वाजता दीड किलो, ११ वाजता दीड, दुपारी ४ वाजता दीड आणि रात्री साडेनऊ वाजता उरलेली साडेतीन किलो. सव्वा इंची जाळ्यात रात्रीची वैरण साधारण दीड वाजेपर्यंत पुरते, व सकाळच्या वैरणीपर्यंत साडेचार तासांचाच खंड पडतो. हीच साडेतीन किलो मोकळी टाकली तर बारा वाजण्याच्या आतच संपते आणि सहा तास घोडा रिकामा राहतो. वैरण तीच, वेळही तीच. फरक केवळ जाळ्याचा. पाणी मात्र चोवीस तास समोर असावे. सुकी वैरण पाण्याशिवाय आतड्यात अडकून बसते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. सावकाश चारणे म्हणजे कमी चारणे नव्हे. पुढच्या वेळेपर्यंत जाळ्यात नेहमी वैरण शिल्लक राहू लागली, किंवा घोड्याच्या बरगड्या दिसू लागल्या, तर भोके बारीक झाली असे समजून मोठ्या भोकांचे जाळे वापरावे. कामाच्या घोडीस खाण्यास वेळच थोडा मिळतो. तिला पावणेदोन इंची जाळेच पुरे. बारीक जाळे बसून खाणाऱ्या स्थूल जनावरास योग्य होय.

कडबा, कुट्टी व घास

वर सांगितलेले माप पवना, मारवेल, शेडा ह्यांसारख्या बारीक काडीच्या गवतास लागू आहे. कडब्याची जाड ताटे सव्वा इंची भोकातून येत नाहीत. घोडा पाने तेवढी ओरबाडतो व ताटे तशीच राहतात. कडबाच द्यावयाचा असेल तर तो वीतभर लांबीचा तोडून दोन इंची जाळ्यात भरावा व त्यात थोडे गवत मिसळावे. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा घोड्यास घालूच नये. त्यातील विष सर्वच जनावरांस बाधते.

यंत्रावर केलेली बारीक कुट्टी जाळ्यातून गळून पडते. तिचा उपयोग चंदीत मिसळण्याकडे करावा. लसूणघासाची वाळलेली पाने फार ठिसूळ असतात व सर्व सत्त्व त्यांतच असते. तो घास गवतात गुंडाळून मध्यभागी भरल्यास पाने कमी झडतात. एकटा घास जाळेभर देणे मात्र बरे नव्हे.

चंदीविषयी

चंदी सावकाश खाण्याचेही साधे उपाय आहेत. दाण्यात दोन मुठी कुट्टी किंवा भुसा मिसळला असता घोड्यास चावणे भागच पडते. रुंद, उथळ गव्हाणीत दाणा पातळ पसरावा व त्यात तोंडात न मावणारे दोन-चार गुळगुळीत गोटे ठेवावे. गोट्यांच्या भोवतीचा दाणा वेचताना घाई चालत नाही. चंदी वैरणीच्या आधी न देता, थोडी वैरण पोटात गेल्यावर द्यावी. ४०० किलोच्या घोड्यास एका वेळेस दोन किलोंहून अधिक दाणा कधीही घालू नये. अधिक घातलेला दाणा न पचता मोठ्या आतड्यात उतरतो व तेथे नासून पोटशूळ आणि खुरांचा दाह उत्पन्न करितो. वैरणीची तूट दाण्याने भरून निघत नाही, हे मी मोठी किंमत देता देता वाचून शिकलो आहे.

कोणास हे जाळे देऊ नये

दाढा झिजलेल्या किंवा पडलेल्या म्हाताऱ्या घोड्यास, शिंगरास व आजारातून उठलेल्या जनावरास वैरण मोकळीच द्यावी. म्हाताऱ्या घोड्याच्या गव्हाणीत अर्धवट चावलेले गोळे पडलेले दिसले, तर प्रथम पशुवैद्याकडून दात पाहून घ्यावे. दोन-तीन घोडे एकत्र असल्यास घोडे जितके त्याहून एक जाळे अधिक टांगावे व ती दूर दूर असावीत. नाहीतर दांडगा घोडा गरीब घोड्यास खाऊ देत नाही.

आमची घोडी आजही ठाणावर आहे. त्या रात्रीपासून मी तिची वैरण पूर्ववत केली, चंदी कमी केली आणि जाळे टांगले. त्यानंतर पोटशुळासाठी पशुवैद्यांस बोलावण्याचा प्रसंग आलेला नाही. गव्हाणीची कड तिने अगदीच सोडली असे मात्र म्हणता येत नाही. जडलेली खोड पुरती जात नाही. ती जडू न देणे हेच शहाणपणाचे. रात्री अंगणात उतरले असता आता काळोखात तिच्या चावण्याचा संथ आवाज ऐकू येतो, आणि मी निश्चिंतपणे परत येऊन निजतो.

वाचकांस एवढीच विनंती आहे की, माझ्या सांगण्यावर विसंबू नये. आज रात्री वैरण तोलून घालावी व ती किती वाजता संपते हे प्रत्यक्ष पाहावे. सकाळी ठाण झाडताना तुडवलेली वैरण वेगळी काढून तीही तोलावी. असे आठ दिवस करावे. मग जाळे लावून आणखी आठ दिवस तेच करावे, आणि दोन्ही आकडे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावे. जाळे विणावयाचे की नाही, हे ती भिंतच सांगेल.